बोलावणे

मूल किती वर्षांचे झाले म्हणजे ते आईबापांचे मूल राहत नाही? हा प्रश्न एखाद्या आईला विचारा, ती हसेल आणि पोळी लाटायला लागेल. कायद्याला विचारा, तो आकडा सांगेल. जुने लोक म्हणत, सोळावे लागले की मुलाला मित्रासारखे वागवावे. आम्हां मास्तरांचा हिशेब त्याहून सोपा. शाळा सोडल्याचा दाखला हातात दिला, जनरल रजिस्टरात शेरा मारला, की ते पोर आमच्यापुरते मोठे झाले. हा प्रश्न कधी माझी झोप उडवील असे मला वाटले नव्हते. पण आमच्या गल्लीत तो एका अमेरिकन फॉर्मावर बसून आला आणि वर्षभर ठाण मांडून बसला.

समोरच्या घरातली ताई २०२४ च्या उन्हाळ्यात शाळेत आली ती दाखल्यासाठी. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, आमच्याच शाळेत शिकलेली. तिच्या जन्माची नोंद नगरपालिकेत सापडेना, म्हणून शाळेच्या दाखल्यावर भिस्त होती. मी रजिस्टर काढले. त्यात तिचे माहेरचे नाव, अण्णांचे नाव, जन्मतारीख, सारे टाकाच्या अक्षरात स्वच्छ. पण आधार कार्डावरची बाई निराळीच! आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव तर बदलतेच, पण पाटावर तांदळात लिहून तिचे पाळण्यातले नावही बदलतात. तेव्हा रजिस्टरातली मुलगी आणि माझ्यासमोर बसलेली बाई एकच आहे, आणि ती अण्णांचीच लेक आहे, हे पन्नाशी उलटल्यावर तिला पुराव्याने सिद्ध करायचे होते.

"मास्तर, बापाची मुलगी असल्याचा दाखला मागतात हो!" ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. ते हसू फार दिवस टिकले नाही.

हकीकत साधीच आहे. अशी घरे आता महाराष्ट्रात गावोगाव आहेत. ताईचा थोरला भाऊ १९९० साली शिकायला अमेरिकेत गेला आणि तिथलाच झाला. नागरिक झाल्यावर त्याने आईवडिलांना बोलावून घेतले. अण्णा आमच्या गावी कचेरीत कारकून होते. निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. २००४ साली ते आणि काकू गेले. पाच वर्षांनी अण्णा परीक्षा देऊन तिकडचे नागरिक झाले. आणि २०१० च्या सुरुवातीला, तिकडच्या त्या थंडीत बसून, त्यांनी पहिले काम केले ते लेकीसाठी अर्ज भरण्याचे. ताईचे लग्न होऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती. मुलगा अकरा वर्षांचा होता, धाकटी अजून चार पुरी व्हायची होती.

आता त्या देशाचा कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्याच्यावर आहे. हिंदुस्थानातल्या माणसाला अमेरिकेचे दार एके काळी जवळजवळ बंदच होते. १९४६ साली ते उघडले तेसुद्धा वर्षाला शंभर माणसांपुरते. १९६५ च्या कायद्याने वंशावर बेतलेला जुना कोटा मोडला आणि त्या जागी मुख्यतः दोन कसोट्या आणल्या: नाते आणि कौशल्य. नात्यातही मग पायऱ्या पाडल्या. नागरिकाचा नवरा किंवा बायको, एकवीस वर्षांखालचे अविवाहित मूल आणि सज्ञान नागरिकाचे आईबाप हे निकटचे. त्यांच्या संख्येला मर्यादा नाही. मुलगा वा मुलगी मोठी होऊन लग्न झालेली असली, तर ती तिसऱ्या पायरीवर. तिथे साऱ्या जगाला मिळून वर्षाला साधारण २३,४०० जागा. त्यांत जावई, सून, नातवंडे सगळी आली. शिवाय कोणत्याही एका देशाने सात टक्क्यांहून अधिक वाटा घ्यायचा नाही. मग रांग लागते. आपला अर्ज ज्या दिवशी दाखल झाला तो दिवस हा आपला नंबर, आणि दर महिन्याला तिथले सरकार एक तक्ता काढते: अमुक तारखेपर्यंतच्या अर्जांना आता वाट मोकळी.

या मांडणीतली एक गोष्ट मला फार दिवस टोचत राहिली. मुलाने आईबापांना बोलावले तर ते नाते निकटचे. तेच आईबाप लग्न झालेल्या लेकीला बोलावू लागले, की नाते दूरचे. धागा एकच, एका टोकाने ओढला तर लगेच हाताशी येतो, दुसऱ्या टोकाने ओढला तर चौदा वर्षे लागतात. चौदा वर्षे! आपल्याकडे वनवासही तेवढाच.

पण परक्यांच्या कायद्याला नावे ठेवण्यापूर्वी आपले घर पाहावे. लेक 'दिल्या घरी' सुखी राहो असे आपणच म्हणत आलो. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीने हक्क दिला, तेव्हाही लग्न होऊन गेलेल्या मुलींना बाहेर ठेवले होते; त्यांना तो मिळायला २००५ साल उजाडावे लागले. म्हणजे लग्नाच्या उंबरठ्यावर रेघ ओढणे आपल्यालाही परके नाही. उलट अमेरिकेच्या त्या तिसऱ्या पायरीवर विवाहित मुलगा आणि विवाहित मुलगी शेजारी शेजारी उभी आहेत. आणि आमच्या गावचा एक जुना कारकून, ज्याने आयुष्यभर 'लेक म्हणजे परक्याचं धन' हेच ऐकले, तो म्हातारपणी परक्या देशाच्या कागदावर लिहितो की ही माझी मुलगी आहे आणि ती माझ्याजवळ असावी. मला हे लहान वाटत नाही.

पण चांगल्या कृत्याचीही किंमत असते, आणि ती बहुधा करणाऱ्याला दिसत नाही.

ताईचे घर एकमजली आहे. २००९ साली बांधले, तेव्हा वरच्या मजल्यासाठी खांबांच्या सळ्या वर काढून ठेवल्या होत्या. पुढच्याच वर्षी अर्ज गेला. मग, जायचेच आहे तर वर मजला कशाला? सळ्या तशाच राहिल्या. पावसाळ्यामागून पावसाळे गेले, त्या गंजून तांबड्या झाल्या, भिंतीवर ओघळ उतरले. यजमान सहकारी बँकेत. त्यांना बढती आली ती बदलीसह होती, ती त्यांनी नाकारली: 'दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न.' शेताचा एक तुकडा स्वस्तात मिळत होता, तो घेतला नाही. धाकटीला कथक शिकायचे होते. 'तिकडे गेल्यावर शीक' असे तिला सांगितले. ती सातवीत होती तेव्हा हे सांगितले, दहावीत होती तेव्हाही सांगितले. कोणी कुणावर जुलूम केला नाही. फक्त ते घर चौदा वर्षे स्टेशनावर सामान बांधून बसलेल्या माणसांसारखे जगले.

आणि तिकडे अण्णा? असा अर्ज करणारा मध्येच गेला तर अर्जही बहुधा त्याच्याबरोबर जातो. दयाबुद्धीने तो पुन्हा जिवंत करण्याची सोय आहे, पण ती हमखास नव्हे. हे अण्णांना ठाऊक होते. २०१६ साली काकू गेल्या. त्यानंतर अण्णा फोनवर म्हणत, "मी आता नंबरासाठी जगतोय." गोळ्या वेळेवर, जेवण मोजून, बर्फात बाहेर पाऊल नाही. आपल्या जगण्यावर लेकीचा अर्ज टांगला आहे हे ओझे वाहत त्या माणसाने आठ वर्षे काढली.

२०२४ साली नंबर आला. घरात साखर वाटली. आणि मग कागद नीट वाचल्यावर कळले की नंबर चौघांचा नाही, तिघांचा आहे.

मुलाचा जन्म १९९९ चा. आईबापांच्या अर्जावर मूल जायचे तर ते एकवीस वर्षांखालचे आणि अविवाहित असावे लागते. रांगेत उभी असतानाच मुले मोठी होतात हे तिथल्या सरकारच्याही ध्यानात आले होते. म्हणून २००२ साली त्यांनी एक कायदा केला. मूळ अर्ज मंजूर व्हायला जितका काळ लागला, तितका मुलाच्या वयातून वजा करतात. ताईचा अर्ज २०१३ साली मंजूर झाला. म्हणजे तीन वर्षांची सूट. पंचवीसातून तीन गेले, उरले बावीस. मी तो हिशेब शाळेच्या पाठकोऱ्या कागदावर तीनदा केला. वजाबाकी मुलांना शिकवण्यात माझी निम्मी हयात गेली. पण तिचे उत्तर चुकावे असे मला त्याच दिवशी वाटले.

त्यातच दुसरा प्रश्न उभा राहिला. बोलावणाऱ्याने एक हमी लिहून द्यावी लागते: या माणसांना मी सरकारवर भार होऊ देणार नाही. त्यासाठी त्याचे उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी असावे लागते. अण्णांचे स्वतःचे उत्पन्न ते काय! म्हणून भावाने जोडीने सही करायची होती. आणि भाऊ कां कूं करू लागला. "बघतो," म्हणाला. मग "हिच्याशी बोलतो," म्हणाला. दोन महिने गेले.

गल्लीने निकाल देऊन टाकला. भाऊबीजेला पडद्यावरून ओवाळून घेतो, आणि एक सही करायला हात धजत नाही! हे म्हणणाऱ्यांत मीही होतो. मग ताईने तो फॉर्म माझ्याकडे आणला आणि मी शब्दकोश घेऊन बसलो. ती नुसती सही नव्हती. तो करार होता. उद्या बहिणीच्या घराने गरिबांसाठी असलेली सरकारी मदत घेतली, तर तिची वसुली भावाकडून होऊ शकते. आणि हे किती वर्षे? ती तिथली नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खात्यावर चाळीस तिमाह्यांचे काम जमेपर्यंत, म्हणजे साधारण दहा वर्षे. नाहीतर ती देश कायमचा सोडीपर्यंत, किंवा मरण येईपर्यंत. भाऊ सत्तावन्न वर्षांचा, त्याची दोन मुले कॉलेजात, घरात ब्याऐंशी वर्षांचे वडील. असा माणूस सही करण्यापूर्वी दोन महिने थांबला, तर त्याला कंजूष म्हणायचे की प्रामाणिक? जो वाचल्याशिवाय सही करतो तो उदार असेलच असे नाही. कदाचित त्याने बहिणीला पुरते मनावर घेतलेलेच नसते. भावाने अखेर सही केली, आणि बायकोला शेजारी बसवून केली. विचारान्ती झालेली ती सही मला आज ओवाळणीच्या तबकातल्या कुठल्याही नोटेपेक्षा मोठी वाटते. गल्लीचा निकाल मी माझ्यापुरता रद्द केला.

पण खरा पेच ताईचा होता. जावे तर थोरला मागे राहतो. न जावे तर बापाची चौदा वर्षे, भावाची सही, धाकटीची संधी सारे पाण्यात. तिने मला विचारले. मास्तराला विचारले की तो उत्तर देतोच. उत्तर न येणे आमच्या धंद्यात बसत नाही. मी म्हणालो, "ताई, जायला हवं. अण्णांनी तुझ्यासाठी एवढं केलं, त्याचं चीज केलं पाहिजे. मुलगा कमावता आहे. आणि तिकडून तू त्याच्यासाठी अर्ज करू शकशीलच की."

तो अर्ज कसा होतो हेही मग वाचले, आणि माझ्याच उत्तराची मला लाज वाटली. ग्रीन कार्ड मिळालेल्या आईला आपल्या मोठ्या मुलासाठी अर्ज करता येतो, पण तो अविवाहित असेपर्यंतच. मध्येच त्याने लग्न केले की अर्ज रद्द. आई नागरिक झाली म्हणजे मग विवाहित मुलालाही बोलावता येते. अर्थात पुन्हा त्याच तिसऱ्या पायरीवरून, त्याच रांगेतून. याचा अर्थ असा की ज्या आईने मुलाच्या लग्नाची स्वप्ने पाहायची, तिने मनात म्हणायचे, अजून थोडा थांब. आणि अण्णा ज्या खुर्चीवर चौदा वर्षे बसले, त्याच खुर्चीवर उद्या ताईने बसायचे.

दिवाळीच्या आधी अण्णांचा फोन आला. मी तिथेच होतो. शंकरपाळ्यांचा डबा परत करायला गेलो होतो. ताईने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता. ती रडत होती. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले:

"बाळ, मी अर्ज केला तो तू यावीस म्हणून केला, हे खरंच आहे. खोटं कशाला बोलू? पण ज्याला बोलावणंच नाही, त्याला 'नाही' कसं म्हणता येईल? तुझ्या भावाला ते म्हणता येत होतं, तुला येत नव्हतं. आता येतं. तू आलीस तर मला आनंद आहे. नाही आलीस तर माझी वर्षं फुकट गेली असं मी समजणार नाही. हे मी तुला दहा सालीच सांगायला हवं होतं. राहून गेलं."

फोन बंद झाल्यावर कुणीच बोलले नाही. यजमान उठून बाहेर गेले.

'राहून गेलं' हे दोन शब्द मी विसरू शकत नाही. मला वाटते, मोठ्या झालेल्या मुलासाठी आईबापांनी काय करावे, या प्रश्नाचे उत्तर त्या दोन शब्दांत आहे. लहान मुलाला आपण देतो तेव्हा त्याला नको म्हणायचा हक्क नसतो. औषध नाक दाबूनही पाजावे लागते. मोठ्या मुलाला देणे ही निराळी गोष्ट आहे. घर असो, जमीन असो, धंदा असो, की परदेशाचे दार असो. देताना त्याच्याबरोबर आणखी एक वस्तू द्यावी लागते: नाकारण्याची मोकळीक. आणि ती मनात ठेवून चालत नाही. ती उघड शब्दांत, देतेवेळीच द्यावी लागते. नाहीतर देणारा प्रेमाने देतो, घेणारा भिडेने घेतो, आणि दोघांचीही वर्षे परस्परांकडे गहाण पडतात. अण्णांनी हे वाक्य २०१० साली उच्चारले असते, तर ताईने कदाचित तेव्हाही अर्ज राहू दिला असता. पण वरचा मजला झाला असता, बढती घेतली असती, धाकटीच्या पायांत घुंगरू बांधले गेले असते. रांग तेवढीच लांब राहिली असती. पण रांगेत नंबर लावून घरी जाऊन जगता येते, हे त्या घराला कळले असते.

यावर कोणी म्हणेल, मोकळीक मोकळीक म्हणता, पण प्रेम म्हणजेच थोडी भीड नव्हे काय? आईबापांसाठी माणसाने मन मारायचेच नाही की काय? हा आक्षेप खोटा नाही. कृतज्ञता नावाचे ऋण असतेच, आणि ते न मानणारा माणूस कोरडाच. पण ऋण मानणे हे घेणाऱ्याचे काम आहे. वसूल करणे हे देणाऱ्याचे काम नाही. अण्णांनी ते वसूल केले नाही, उलट कागद फाडून टाकला. आणि म्हणूनच पुढे ताईने जे केले ते तिचे स्वतःचे झाले.

ती गेली. २०२५ च्या जानेवारीत यजमान आणि धाकटीसह गेली. "चीज करायला नाही," मला म्हणाली, "अण्णांजवळ राहायला. ब्याऐंशी म्हणजे काही कमी नाही." थोरला इथेच राहिला. त्याचे एका मुलीशी ठरत होते. माझ्यातला मास्तर अजून गप्प बसला नव्हता, निघायच्या आदल्या रात्री मी विचारले, "मग याच्या अर्जाचं काय?"

मुलगा तिथेच बॅगेला दोरी बांधत होता. त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "हा आधी लग्न करू दे. मग कधी मी तिकडची झाले आणि याला वाटलं, तर बघू. तोवर, बाबा, वरचा मजला बांध. माझ्या येण्याची वाट बघू नकोस, आणि तुझ्या येण्याची मीही तारीख मोजणार नाही." मग थोडे थांबून, "मोजीन. पण तुला सांगणार नाही."

हे ऐकून मला काय वाटले ते मला नीट सांगता येणार नाही. तिने त्याला मोकळे केले, की मागे टाकले? पोटात तुटत असताना दिलेली मोकळीक आणि सोडून देणे यांतले अंतर बाहेरून दिसत नाही. ते फक्त त्या दोघांना ठाऊक असते. माझ्या मुलीलाही बारावीनंतर कुठे तरी लांब जायचे आहे. मी तिला अजून हो म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. पण या दिवाळीत तिच्याशी बोलताना जे म्हणायचे राहून जाता कामा नये, ते मी ठरवून ठेवले आहे.

समोरच्या घरावर २०२५ च्या मे महिन्यात स्लॅब पडला. गंजलेल्या सळ्या गवंड्याने तारेच्या ब्रशाने घासून घेतल्या. ज्या अगदीच खचल्या होत्या त्यांच्या जागी नव्या जोडल्या. "आतून अजून चांगल्या आहेत," तो म्हणाला. आकाशकंदील लावायला थोरल्याने मलाच वर बोलावले. मी गेलो, नाही म्हणता आले असते, पण मला जायचे होते.